‘सोपा’ म्हणजे कोणत्या महिन्यात सोपा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मे महिन्यात बर्फातून करायच्या सोप्या ट्रेकांवर पानभर मजकूर आला होता. तो मी हातात पेन्सिल घेऊन वाचला. छापलेलं काहीही पेन्सिलीशिवाय वाचता येत नाही, ही खोड नोकरीनं लावली. तेहतीस वर्षं मी आरेखक होते. नकाशे काढायचे आणि दुसऱ्यांनी काढलेले तपासायचे, एवढंच काम. तर पेन्सिलीच्या खुणा मोजल्या. ‘सोपा’, ‘सहज जमणारा’ आणि ‘नवशिक्यांसाठी’ हे शब्द मिळून चौदा वेळा आले आहेत. ‘उतार’ हा शब्द एकदाही नाही. सहाही ठिकाणांच्या माथ्याची उंची ठळक अक्षरांत दिली आहे, पण रात्री किती उंचीवर झोपायचं हे एकाही ठिकाणाबद्दल सांगितलेलं नाही. आणि निघायची वेळ? ‘सकाळी लवकर’. आमच्या घरात तरी ‘सकाळी लवकर’ म्हणजे चार की आठ यावर आजवर एकमत झालेलं नाही.

माझं म्हणणं लोकांनी बर्फात जाऊ नये असं नाही. मी साठी ओलांडली आहे, डावा गुडघा कुरकुरतो, आणि तरी येत्या मे महिन्यात मी पुन्हा जाणार आहे. माझी तक्रार त्या एका विशेषणाबद्दल आहे.

‘सोपा’ हा शब्द वाटेला कधी चिकटतो ते बघा. वाटेचं वर्णन बहुधा अशा माणसानं केलेलं असतं ज्यानं ती उघडी पाहिली, म्हणजे बर्फ वितळून गेल्यावर. स्वित्झर्लंडच्या अल्पाइन क्लबनं पायवाटांसाठी टी 1 ते टी 6 अशी अवघडपणाची चढती श्रेणी ठरवली आहे आणि ती आल्प्सबाहेरही वापरली जाते. पण तीसुद्धा चांगलं हवामान, स्वच्छ दृष्टिपल्ला, कोरडी जमीन अशी अनुकूल परिस्थिती गृहीत धरूनच दिलेली असते. श्रेणी वाटेची असते, आपण जातो त्या दिवसाची नसते.

डोंगराच्या अंगावरून आडवी जाणारी वाट आठवा. वरचा उतार 35 अंशांचा, खालचाही तेवढाच, पण मधे दीड फुटाची सपाट पट्टी. पाय त्या पट्टीवर पडतात म्हणून आपण गप्पा मारत चालतो. मे महिन्यात ती पट्टी बर्फानं भरलेली असते, आणि वरचा उतार खालच्या उतारात सलग मिसळून जातो. वाटेचा सगळा सोपेपणा त्या दीड फुटात होता आणि तो आता चार फूट बर्फाखाली आहे.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या भाचीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. “मावशी, हा बघ, इझी लिहिलंय. तुझ्या गुडघ्यालासुद्धा चालेल.” खिंड 4,100 मीटरची. पहिली रात्र 2,100 मीटरवर आणि दुसरी थेट 3,400 वर. तेव्हा या आकड्यांकडे मी पाहिलंच नाही. तेहतीस वर्षं आकडे तपासण्यात घालवलेली बाई, पण स्वतःच्या सुट्टीचे आकडे मात्र नजरेआड केले.

3,400 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश राहतो. ऑक्सिजनचं हवेतलं प्रमाण तेच असतं, पण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर हे सावरून घेतं, पण त्याला रात्री लागतात. म्हणूनच डॉक्टरांची शिफारस अशी की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा. दिवसा वर जाऊन संध्याकाळी खाली झोपायला आलात तर शरीर फारशी कुरकुर करत नाही. आम्ही एका दिवसात झोपायची जागा 1,300 मीटर वर नेली होती. पुरवणीतल्या सहापैकी दोन ट्रेकांचे दिवस मोजले तर हाच प्रकार दिसतो.

रात्री माझं डोकं ठणकू लागलं आणि मळमळ सुरू झाली. झोपही लागेना. भाची म्हणाली, “इथं कुणालाच झोप लागत नाही, मावशी.” तेवढ्यापुरतं तिचं बरोबर होतं. उंचीचा त्रास मोजायला डॉक्टर जी लेक लुईझ गुणपद्धत वापरतात, तिच्यातून 2018 साली झोपेचा प्रश्न काढूनच टाकला. उंचावर झोप अनेकांची बिघडते, आजारी असोत वा नसोत. पण डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, थकवा किंवा चक्कर ही खूण खरी असते. ती साधारण उंची गाठल्यावर सहा ते बारा तासांत दिसू लागते. व्यायामानं कमावलेलं अंग यात कामाला येत नाही. आमच्या तंबूशेजारी रोज दहा किलोमीटर धावणारा एक तरुण होता, तो माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होता आणि ते कबूल करायला लाजत होता.

रात्री दोनच्या सुमारास मी तंबूबाहेर आले. आकाशात एकही चांदणी नव्हती. टाच दाबली तर बर्फात अलगद रुतली, ओल्या पिठात बोट जावं तशी. थंडी फार नाही म्हणून मला बरंच वाटलं. त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

आज कळतो, म्हणून सांगते. मे महिन्यातला बर्फ हिवाळ्यासारखा कोरडा, पावडरी नसतो. दिवसा वितळून रात्री गोठण्याचे त्याचे कितीतरी फेरे झालेले असतात, दाणे जाड झालेले असतात, आणि थरात पाणी मुरलेलं असतं. त्याला चालण्याजोगं करते ती रात्र. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो, त्यामुळे हवेचा पारा शून्याच्या थोडा वर असला तरी पृष्ठभाग गोठून त्याचं कवच होतं. पहाटे त्या कवचावरून माणूस खडकावरून चालावं तसा चालतो. ढगाळ रात्री ढग पांघरुणाचं काम करतात, उष्णता निसटत नाही, कवच धरत नाही. म्हणजे त्या दिवसाचा निकाल रात्री दोन वाजताच लागला होता, माझ्या टाचेखाली. ट्रेकच्या आदल्या रात्री आकाश उघडं होतं का, हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकातल्या उंचीच्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे.

निघायचं ठरलं होतं चारला. कुणाचा हातमोजा सापडेना, तंबूच्या काड्या एकमेकींत अडकून बसलेल्या, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. निघालो 7 वाजून 20 मिनिटांनी. खिंडीखाली एक घळ आडवी पार करायची होती, तिचं तोंड पूर्वेला. पूर्वेच्या उतारावर ऊन सर्वांत आधी पोहोचतं आणि तो सर्वांत आधी सैल होतो. दक्षिणेचा त्यामागून, पश्चिमेचा दुपारी. उत्तरेचा सगळ्यांत उशिरा. तिथं हिवाळ्याचा बर्फही जास्त टिकून असतो. (हे उत्तर गोलार्धाचं झालं, विषुववृत्तापलीकडे दक्षिण-उत्तरेची अदलाबदल करायची.) सकाळी पावणेदहाला, सूर्य चांगला वर आलेला असताना, न गोठलेल्या पूर्वमुखी घळीत आम्ही अठरा माणसं एका रांगेत. आज ते चित्र डोळ्यांपुढे आलं की हाताला घाम सुटतो.

आधी घोट्यापर्यंत पाय जात होता, मग पोटरीपर्यंत. पुढच्या माणसाच्या पावलात पाऊल टाकायचं असं सांगितलं होतं, पण त्याचं वजन 80 किलो आणि टांग लांब. एका खडकाशेजारून जाताना माझा डावा पाय कमरेपर्यंत आत गेला. ऊन खाऊन तापलेला खडक भोवतालचा बर्फ आतून वितळवतो आणि वर नुसतं पातळ झाकण राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. उघड्या खडकाजवळ आधार वाटतो म्हणून आपण त्याच्याकडे सरकतो, आणि नेमका तिथंच पोकळी असते. पाय खाली, धड वर, गुडघा मधे पिरगळलेला. भाचीनं आणि त्या धावणाऱ्या मुलानं हातांनी बर्फ उकरून मला काढलं. काठी गेली ती गेलीच.

तिथं बसल्याबसल्या मी वर पाहिलं. उतारावरून बर्फाचे लहान गोळे घरंगळत येत होते, येताना बर्फ गुंडाळून घेत मोठे होत होते आणि मागे लांब चरे सोडत होते. दिसायला गमतीचं. ओला बर्फ सुटायला लागल्याची ती खूण असते. हिमस्खलनं बहुतेक करून 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट असेल तर बर्फ धरून राहतो, फार उभं असेल तर साचतच नाही. त्या घळीतून आम्ही चाललो होतो तो भाग, आणि आमच्या डोक्यावरचा त्याहून मोठा भाग, दोन्ही त्याच पट्ट्यात होते.

ट्रेक लीडर म्हणाला, “चला, अजून वीसच मिनिटं.” मुलगा भला होता, वयानं लहान होता, आणि वर नेण्याची जबाबदारी त्याच्यावर होती, परत नेण्याची कुणी दिलीच नव्हती. आम्ही पाच जण सहायकाबरोबर मागे फिरलो. उरलेले गेले आणि सगळे सुखरूप पलीकडे उतरले. त्यांचे फोटो फार सुंदर आले. त्या ट्रेकला पुढच्याही वर्षी ‘सोपा’च म्हटलं जाणार, कारण माहिती लिहायला घेताना विचारतात ते पलीकडे पोहोचलेल्यांना.

परतीचं थोडक्यात सांगते. सकाळी ओलांडलेल्या ओढ्यावरचा बर्फाचा पूल दुपारी मधोमध खचला होता आणि त्यावर काळपट ओली रेघ उमटली होती. दिवसभर वितळलेलं पाणी उतरत असतं, त्यामुळे ओढ्याचा जोर दुपारनंतर वाढतो आणि पूल मात्र त्याच वेळी सर्वांत दुबळा असतो. सहायकानं काठीनं टोचून पाहिलं, मान हलवली आणि आम्हाला तास-दीड तासाचा वळसा घालायला लावला. त्या माणसाचे आभार मानायचे राहिले, ते इथं मानते.

आणि भाचीचे डोळे. ढग आहेत म्हणून तिनं गॉगल काढून ठेवला होता. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के परतवतो. मे महिन्यातला जुना ओला बर्फ त्याहून कमी, पण निम्म्याच्या आसपास तरी परतवतोच. त्यात उंची दर 1,000 मीटरनं वाढली की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि पातळ ढग ती अडवत नाहीत. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो. रात्री आठला तिला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, उजेड सहन होईना, पाणी थांबेना. ओलं फडकं डोळ्यांवर ठेवून ती पूर्ण अंधारात पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा हात धरून चालली. माझी हनुवटी खालच्या बाजूनं भाजली होती, नाकपुड्यांच्या आतलं कातडंसुद्धा. क्रीम आपण वरून लावतो. बर्फ खालून भाजतो.

घरी आल्यावर गुडघ्याला पट्टा बांधून मी पहिलं काम केलं ते नकाशा काढून बसण्याचं. हे कुणालाही करता येतं, म्हणून सविस्तर लिहिते. 1 : 50,000 प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या 20 मीटरच्या अंतरानं असतील, तर दर पाचवी रेषा जाड असते. म्हणजे एका जाड रेषेपासून दुसरीपर्यंत 100 मीटरची चढण. साधी पट्टी घ्यायची आणि वाट जिथं उतार कापते तिथं, वाटेच्या दिशेनं नव्हे तर उताराच्या दिशेनं, म्हणजे रेषांना काटकोनात, दोन जाड रेषांमधलं अंतर मोजायचं. ते साडेतीन मिलिमीटरपेक्षा कमी भरलं की उतार 30 अंशांहून तीव्र. त्या घळीत मला 2.8 मिलिमीटर मिळाले, म्हणजे साडेपस्तीस अंश. पाच मिनिटांचं काम. गुडघ्याला मात्र पाच महिने लागले.

वाट ज्या उतारावरून जाते तेवढाच मोजून थांबू नये. वर काय आहे तेही मोजावं, कारण आपण सपाट दरीतून चाललो असलो तरी वरचा 38 अंशांचा उतार सुटला तर तो दरीतच येतो. आणि खाली काय आहे तेही पाहावं. घट्ट गोठलेल्या 25 अंशांवरसुद्धा घसरलेला माणूस आपोआप थांबेल असं नाही. खाली रुंद मैदान असेल तर फजिती होईल, आणि खडक, ओढा किंवा कडा असेल तर... ते लिहीत नाही.

नकाशा लबाडी करतो हेही कबूल केलं पाहिजे, नाहीतर माझे जुने सहकारी हसतील. दोन रेषांच्या मधे 15 मीटरचा उभा टप्पा लपू शकतो. म्हणून मी सोबत गुण्या नेते. आपल्या सगळ्यांच्या कंपासपेटीत असतो तोच प्लास्टिकचा, 30-60 अंशांचा. त्याच्या 60 अंशांच्या टोकाला दोरा आणि दोऱ्याला नट बांधलेला. उतार बाजूनं दिसत असेल तेव्हा गुण्याची तिरकी बाजू त्याच्या रेषेला डोळ्यानं जुळवायची, ते टोक वर ठेवून. दोरा आखूड बाजूवर तंतोतंत बसला तर 30 अंश, गुण्याच्या आत शिरला तर जास्त, बाहेर लोंबला तर कमी. मोबाइलमध्येही अशी सोय असते म्हणे. पण थंडीत बॅटरी माना टाकते, आणि नटाला बॅटरी लागत नाही.

पुढच्या वर्षी जागा मी निवडली. भाचीला आधीच सांगितलं की नावाजलेलं काही मिळणार नाही. आधी नकाशावरून खिंडी सगळ्या बाद केल्या. खिंडीत एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूला उतरायचं असतं, आणि पलीकडच्या उताराची अवस्था माथ्यावर पोहोचेपर्यंत दिसत नाही. परत यायचं तर मन होत नाही, कारण सामान पुढे गेलेलं असतं. मग घळी बाद, दरीतळातून जाणाऱ्या वाटा बाद. उरली एक लांबलचक रुंद सोंड, 3,600 मीटरच्या एका बोथट माथ्यापर्यंत जाणारी. संबंध वाटेवर सर्वांत तीव्र उतार 22 अंश, दोन्ही बाजूंना लगोलग कोसळणारं काही नाही, आणि गेलो तशाच वाटेनं परत. झोपायचं 2,700 मीटरवर, तेही दोन रात्री आधीपासून.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमानं केला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली सांगितलेला हा ठोकताळा अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास, असं ढोबळमानानं. आमचं अंतर सहा किलोमीटर, चढाई 900 मीटर. उत्तर आलं पावणेतीन तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा, कोरड्या वाटेवरचा आणि बेताच्या उंचीवरचा. बर्फ, विरळ हवा आणि माझा गुडघा या तिघांसाठी मी तो दुप्पट केला. माथा गाठो न गाठो, साडेआठला मागे वळायचं, हे कागदावर लिहून भाचीच्या सॅकच्या झाकणात ठेवलं. लिहिलेलं मोडवत नाही, निदान आमच्या घराण्यात.

रात्री साडेबाराला बाहेर येऊन पाहिलं तर चांदण्यांचा सडा. टाच मारली तर ठक्क वाजलं. पावणेतीनला निघालो. गोठलेल्या कवचावर मायक्रोस्पाइकचा, म्हणजे बुटांवर ओढून चढवायच्या छोट्या खिळ्यांच्या साखळीचा, आवाज खरखर येतो, पाटीवर खडूऐवजी खिळा ओढावा तसा, आणि माणसं रांगेत असली की तो पुढून मागे, मागून पुढे फिरत राहतो. पावलांचे ठसे उमटतच नव्हते, नुसते ओरखडे. उजाडल्यावर दिसलं की सगळा पृष्ठभाग वाटीवाटीचा झाला आहे. उन्हानं बर्फाला पडलेले उथळ खळगे, आणि त्यांच्या कडा एका रांगेत गुलाबी होत गेलेल्या. माथ्यावर पोहोचलो 7 वाजून 50 मिनिटांनी. तिथं फलक नव्हता, झेंडा नव्हता, दुसरं माणूस नव्हतं. पंचवीस मिनिटं बसलो.

उतरताना वरचे दोन बोटं बर्फ सैल झाले होते आणि खाली अजून घट्ट होता. उतरायला याच्याइतकी चांगली वेळ नाही, टाच आपोआप बसते. ती तासाभराची असते फार तर. साडेदहाला आम्ही गवतावर होतो. मागे वळून पाहिलं तर आमच्या शेवटच्या पावलांचे खड्डे घोट्याएवढे खोल. भाची म्हणाली, “मावशी, हे इतकं सोपं झालं की घरी जाऊन सांगायला काहीच नाही.”

साधनांबद्दल पुरवणीत एक चौकट आहे, तिच्याबद्दल थोडं. मायक्रोस्पाइक बेताच्या उतारावर उत्तम. ते घातले म्हणून 35 अंशांचा गोठलेला उतार आपल्याला मोकळा झाला असं होत नाही. तिथं कडक तळव्याच्या बुटांवर बसणारे खरे क्रॅम्पॉन, म्हणजे लांब अणकुचीदार दातांचे पोलादी सांगाडे, लागतात. आणि आइस ॲक्सचं, म्हणजे बर्फात वापरायच्या कुदळीचं, चित्र छापलं आहे तर हेही छापायला हवं होतं की घसरताना तिनं स्वतःला थांबवायचं कसं, हे सुरक्षित उतारावर कुणा जाणकाराकडून हातानं शिकावं लागतं. न शिकता नेली तर ती अणकुचीदार काठी आहे, आणि पडताना आपल्याच बरगडीत घुसू शकते. ‘लागल्यास औषध घ्या’ हे वाक्यही खटकलं. उंचीवरची औषधं निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायची असतात. आणि डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला, म्हणजे टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालता येईना, किंवा नुसतं बसूनही दम लागू लागला, तर थांबून बघू म्हणायचं नाही; खाली उतरायचं, रात्र असली तरी.

तर संपादक महोदय, पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे ‘सोपा’ऐवजी थोडी रुक्ष माहिती छापा. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं. बर्फ असताना पार करायचा सर्वांत तीव्र उतार किती अंशांचा, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आणि त्याच्या खाली काय आहे. तिथून किती वाजायच्या आत बाहेर पडायला हवं. आणि माहिती देणारा माणूस स्वतः तिथून गेला तो कोणत्या महिन्यात. एका ओळीत मावेल एवढंच आहे. तुमच्या पानावर ती जागा त्या चौदा शब्दांनी अडवलेली आहे.

पुरवणीतल्या सहा वाटांपैकी चारांचे नकाशे माझ्याकडे निघाले. त्यांचे उतार मोजून, 30 अंशांच्या वरचे तुकडे लाल पेन्सिलीनं रंगवून सोबत जोडले आहेत. दोन वाटांवर लाल काहीच नाही, त्या बिनधास्त छापा. एकीवर नखाएवढा तुकडा आहे, तो वळसा घेऊन टाळता येतो असं दिसतं. चौथीवर मात्र लाल पट्टी वाटेला तीनदा छेदते, आणि तुमच्याकडे नेमकी तीच ‘कुटुंबासह’ या मथळ्याखाली गेली आहे. उरलेल्या दोन वाटांचे नकाशे कुणी पाठवले तर तेही आठवडाभरात करून देईन. लाल पेन्सिल अजून बरीच शिल्लक आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरेखक